परदेशी सौद्याचा कायदा: माल वेगळा, कागद वेगळा, दाद मागण्याची जागा वेगळी

२० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा गोंदिया-भंडारा पट्ट्यातील तांदूळ परदेशी पाठवणाऱ्यांपुढे एक प्रश्न उभा राहिला. सौदा बंदीच्या आधीचा आहे, ग्राहकाची आगाऊ रक्कम खात्यात जमा झाली आहे, माल मात्र आता पाठवता येत नाही. मग हे नुकसान सोसायचे कोणी? त्याच काळात काटोल, नरखेड आणि वरूडच्या संत्रा बागायतदारांमध्ये दुसराच प्रश्न घोळत होता. बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क वेळोवेळी वाढवत नेल्यामुळे तिकडची मागणी आटली होती, आणि आपले सरकार हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेकडे का नेत नाही, असे विचारले जात होते.

नागपुरातील व्यापाऱ्यांच्या बोलण्यात हे दोन्ही प्रश्न एकापाठोपाठ येतात, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पहिला प्रश्न दोन खासगी पक्षांमधील कराराचा आहे, तर दुसरा दोन सार्वभौम देशांमधील वचनांचा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा समजायला जड जातो, याचे खरे कारण कलमांच्या संख्येत शोधू नये. हा कायदा एकाच सौद्यातील माल, कागद, पैसा, वाद आणि सरकार यांना हेतुपुरस्सर वेगवेगळे ठेवतो आणि एका ठिकाणची तक्रार दुसऱ्या ठिकाणी ऐकून घेत नाही. व्यापाऱ्याच्या मनात सौदा एकच असतो, म्हणून त्याला ही विभागणी अन्यायाची वाटते. ती का केली आहे, हे कळले की बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

सौदा केव्हा पक्का होतो

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या दहाव्या कलमानुसार सज्ञान व सक्षम व्यक्तींनी स्वेच्छेने, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर उद्देशाने केलेला समझोता म्हणजे करार. कागद, शिक्का आणि सही यांची अट बहुतांश व्यापारी सौद्यांना नाही, त्यामुळे 'अजून सही कुठे झाली होती' हा बचाव वाटतो तितका भक्कम नसतो. दुबईची ट्रायमेक्स आणि वेदान्त ॲल्युमिनियम यांच्यातील बॉक्साइटच्या सौद्यात औपचारिक करारपत्रावर सह्या झाल्या नव्हत्या, फक्त ई-मेलची देवाणघेवाण झाली होती. तरीही माल, दर, प्रमाण आणि पैसे देण्याची पद्धत ठरली असल्याने करार झाला आहे आणि त्यातील लवादाचे, म्हणजे न्यायालयाऐवजी पंचांपुढे वाद नेण्याचे, कलमही बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. व्हॉट्सॲपवर 'ओके, डन' लिहिणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

करार कुठे झाला, हा प्रश्नही महत्त्वाचा असतो, कारण दावा कोणत्या न्यायालयात लावायचा ते त्यावर अवलंबून राहू शकते. या विषयावरचा देशातील सर्वांत प्रसिद्ध निकाल विदर्भातल्या सरकीच्या पेंडीवरून लागला, ही गोष्ट कायद्याच्या वर्गाबाहेर फार जणांना ठाऊक नसते. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या पेढीला टेलिफोनवरून मागणी केली, खामगावहून फोनवरच होकार आला, आणि पुढे माल न मिळाल्याने भांडण झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने सांगितले की टेलिफोनवरचा होकार जिथे ऐकला जातो तिथे करार पूर्ण होतो, म्हणजे हा करार अहमदाबादला झाला. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले न्या. हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. कायद्याच्या चौथ्या कलमातील शब्द पाहता होकार जिथून उच्चारला गेला तिथे, म्हणजे खामगावला, करार झाला असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते कलमाच्या शब्दांशी त्यांचेच मत अधिक जुळणारे आहे. पण चालतो तो बहुमताचा निकाल.

करार मोडला तर भरपाई किती, हे त्र्याहत्तराव्या कलमात आहे आणि त्यामागे १८५४ सालचा इंग्लंडमधील एका पिठाच्या गिरणीचा खटला आहे. गिरणीचा मोडलेला दांडा नमुना म्हणून पोचवायला वाहतूकदाराने उशीर केला, तोवर गिरणी बंद राहिली आणि मालकाने बुडालेला नफा मागितला. न्यायालयाने तो नाकारला, कारण दुसरा दांडा नसल्याने गिरणी ठप्प होईल, हे वाहतूकदाराला कळण्यासारखे नव्हते. तेव्हापासूनचा नियम असा की करार मोडल्यावर नैसर्गिकपणे होणारे किंवा करार करताना दोघांनाही दिसत असलेले नुकसानच मागता येते, दूरचे आणि आडवळणाचे नुकसान मागता येत नाही. मालाच्या सौद्यात हा हिशेब साधारणपणे करारातील दर आणि करार मोडला त्या दिवसाचा बाजारभाव यांतल्या फरकावर येऊन थांबतो. शिवाय ज्याचे नुकसान झाले त्याने ते वाढू न देण्याचा वाजवी प्रयत्न केला होता का, हेही पाहिले जाते. करारात दंडाची ठोक रक्कम लिहिली असली तरी चौऱ्याहत्तराव्या कलमाखाली ती फक्त वरची मर्यादा असते; न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते.

महाग पडणे आणि अशक्य होणे

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून इथे थोडे थांबणे भाग आहे. छप्पन्नावे कलम सांगते की करार झाल्यानंतर तो पार पाडणे अशक्य किंवा बेकायदा झाले तर करार शून्यवत होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये, कलकत्त्याजवळची जमीन युद्धकाळात सरकारने ताब्यात घेतल्याच्या प्रकरणात, 'अशक्य' याचा अर्थ व्यवहारी दृष्टीने लावला: ज्या पायावर पक्षांनी करार उभा केला तो पायाच उखडला गेला आहे का, हे पाहायचे. त्या प्रकरणात जमिनीचा ताबा तात्पुरता होता आणि करारात काम पूर्ण करण्याची मुदत नव्हती, त्यामुळे करार टिकला.

व्यापारी मात्र या कलमाचा आधार घेऊ पाहतो तो भाव चढल्यावर, आणि तिथे न्यायालये सातत्याने नकार देत आली आहेत. दुसऱ्या महायुद्धामुळे खर्च वाढला म्हणून लष्कराला तूप पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांनी जादा रक्कम मागितली, ती १९६० मध्ये फेटाळली गेली. इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातदराचे नियम बदलल्याने वीजनिर्मिती महागली, तेव्हा वीज कंपन्यांनी हाच मुद्दा मांडला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की करार पार पाडणे अवघड किंवा महाग होणे म्हणजे तो निष्फळ होणे नव्हे. सुएझ कालव्याची गोष्ट तर शिकवण्यासाठीच घडली असावी, इतकी नेमकी आहे. सुदानचा भुईमूग हॅम्बुर्गला पाठवण्याचा सौदा १९५६ मध्ये झाला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला कालवा बंद पडला आणि विक्रेत्याने सौदा रद्द समजला. आफ्रिकेला वळसा घालून जाणे लांबचे आणि खर्चाचे असले तरी शक्य होते, म्हणून इंग्लंडच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायाधीशांनी विक्रेत्यालाच जबाबदार धरले. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे पुन्हा त्याच वळशाने जाऊ लागली आणि भाडे चढले, तेव्हा हा जुना निकाल अचानक ताजा झाला.

निर्यातबंदीची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण तिथे माल पाठवणे महाग होत नाही, बेकायदा होते. यावर वाचावा असा निकाल नाफेड ही शेतमाल विकणारी राष्ट्रीय सहकारी संस्था आणि स्वित्झर्लंडची अलिमेंटा कंपनी यांच्यातला आहे. १९८० मध्ये नाफेडने ५,००० टन भुईमूग दाणे विकण्याचा करार केला, त्यांपैकी १,९०० टन गेले, उरलेला माल पुढच्या हंगामात पाठवण्याचे ठरले. पण आदल्या वर्षीचा कोटा पुढे नेण्यास केंद्र सरकारने परवानगी नाकारली. लंडनमधील लवादाने नाफेडने भरपाई द्यावी असा निवाडा दिला. जवळपास चार दशके चाललेल्या या वादात एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकारने निर्यात रोखल्यास करार रद्द होईल अशी तरतूद करारातच होती, त्यामुळे हा बत्तिसाव्या कलमाखालचा सशर्त करार ठरतो, अट कोसळली की करार संपतो, आणि सरकारी मनाई मोडायला लावणारा निवाडा भारतात अमलात आणता येणार नाही. निकालावर टीकाही झाली. परदेशी लवादाचा निवाडा इथे पुन्हा तपासून पाहिला, हा तिचा रोख होता आणि ती टीका अनाठायी नाही. तरीही व्यापाऱ्याने त्यातून घ्यायचा भाग स्पष्ट आहे: नाफेडला वाचवले ते करारातल्या एका कलमाने.

तांदूळबंदीकडे याच नजरेने पाहावे. परकीय व्यापार धोरणात साधारणपणे अशी सवलत असते की बंदी येण्यापूर्वीच अपरिवर्तनीय पतपत्र (पैसे देण्याची बँकेची मागे न घेता येणारी हमी) उघडले असेल, तर त्या सौद्यापुरता माल पाठवता येतो. २०२३ च्या अधिसूचनेने ही सवलत लागू होणार नाही असे स्पष्ट लिहिले. बंदीच्या क्षणापूर्वी जहाजात भरणी सुरू झालेला, किंवा सीमाशुल्क विभागाच्या हवाली झालेला माल अशा मोजक्याच बाबतींत सूट दिली गेली. म्हणजे गिरणीत पोती शिवून ठेवलेला आणि कस्टमकडे आधीच नोंदलेला, हे दोन्ही तांदूळ एकाच सौद्याचे असले तरी कायद्याच्या नजरेत वेगळे ठरले. ज्याचा माल अडकला त्याची भरपाईतून सुटका होऊ शकते, पण घेतलेली आगाऊ रक्कम त्याला ठेवता येत नाही; पासष्टाव्या कलमानुसार करार शून्यवत झाला की त्याखाली मिळालेला लाभ परत करावा लागतो. आणि हे सारे करार भारतीय कायद्याखाली असेल तर. धान्य आणि सोयाबीन पेंडीचे अनेक सौदे लंडनच्या ग्रेन अँड फीड ट्रेड असोसिएशनच्या, म्हणजे बाजारात ज्याला 'गाफ्टा' म्हणतात त्या संस्थेच्या, छापील नमुन्यांवर होतात. तिथे इंग्लंडचा कायदा लागू होतो आणि निर्यातबंदीसाठी स्वतंत्र कलम आधीच छापलेले असते. त्यात वेळेत सूचना देण्याला महत्त्व आहे. आवाक्याबाहेरच्या घटनेत सूट देणारे आपत्तीचे कलम आहे म्हणून गप्प बसलेला आणि महिनाभराने ग्राहकाला कळवणारा विक्रेता बहुधा हक्क गमावून बसतो.

अजनी ते न्हावा शेवा, आणि मधली जोखीम

नागपूरला समुद्र नाही, हे वाक्य उगाच लिहिलेले नाही. इथल्या निर्यातदाराच्या जोखमीचा निम्मा भाग त्यात आहे. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ पासून प्रसिद्ध केलेले आणि आता २०२० च्या आवृत्तीत असलेले इन्कोटर्म्स, म्हणजे एफओबी, सीआयएफ वगैरे अकरा संज्ञा, मालाची जोखीम नेमक्या कोणत्या बिंदूवर विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे जाते ते सांगतात. एफओबीमध्ये हा बिंदू माल जहाजावर चढल्याचा असतो. नागपुरातल्या अजनीच्या कंटेनर डेपोत माल सुपूर्द केल्यावर निर्यातदाराचा त्यावर काही ताबा उरत नाही. तरीही तो रेल्वेने न्हावा शेव्याला जाऊन, यार्डात पडून राहून जहाजात चढेपर्यंत त्यातल्या प्रत्येक पोत्याची जोखीम त्याचीच असते. म्हणून कंटेनरसाठी एफओबीऐवजी एफसीए वापरावे, असा वाणिज्य मंडळाचाच सल्ला आहे. एफसीए अजनी असे लिहिले की माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला त्या क्षणी जोखीम सरकते. हा बदल फुकटात होतो, आणि तरी बाजारात एफओबीची सवय सुटत नाही.

सीआयएफबद्दलचा गैरसमज उलट दिशेचा आहे. भाडे आणि विमा विक्रेता देतो, म्हणून परदेशी बंदरापर्यंत जबाबदारी त्याचीच, असे दोन्हीकडचे लोक समजतात. तसे नाही. खर्च तिकडच्या बंदरापर्यंतचा असला तरी जोखीम इकडच्या बंदरात जहाजावरच खरेदीदाराकडे गेलेली असते. शिवाय सीआयएफमध्ये विक्रेत्यावर फक्त किमान स्वरूपाचा विमा काढण्याचे बंधन असते. तांदळाला दमट हवेचा किंवा फळाला उष्णतेचा धोका असेल तर तो त्यात येतोच असे नाही. ट्रकने पेट्रापोल-बेनापोलमार्गे बांगलादेशात जाणाऱ्या संत्र्यासाठी तर या दोन्ही संज्ञा मुळातच चुकीच्या आहेत, कारण त्या केवळ जलवाहतुकीसाठी आखलेल्या आहेत. तिथे एफसीए, सीपीटी (भाडे विक्रेत्याचे, जोखीम मात्र वाहतूकदाराला माल देताच सरकते) किंवा डीएपी (ठरलेल्या ठिकाणी माल पोचेपर्यंत जोखीम विक्रेत्याची) वापरायला हवे. आणि यांपैकी कोणतीही संज्ञा मालकी केव्हा बदलते किंवा पैसे केव्हा द्यायचे, हे सांगत नाही. ते करारात वेगळे लिहावे लागते.

बँक माल पाहत नाही

पतपत्र, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत 'एलसी', हा या विभागणीचा सर्वांत टोकाचा नमुना आहे. जगभरच्या बँका यासाठी 'यूसीपी ६००' ही नियमावली वापरतात. ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिचे मूळ तत्त्व असे की बँका कागदपत्रांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. बीजक, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), विमापत्र, उगमाचा दाखला हे सारे पतपत्राशी जुळले तर बँकेने पैसे द्यायचे, मग तिकडे खरेदीदार माल निकृष्ट असल्याची कितीही ओरड करो. उलट माल उत्कृष्ट असून कागदात कंपनीचे नाव किंवा भरणीची तारीख चुकली, तर बँक पैसे नाकारू शकते. तपासणीसाठी बँकेला कामकाजाचे पाच दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत उणिवा कळवल्या नाहीत तर पुढे त्या उणिवांवर बोट ठेवण्याचा तिचा हक्क जातो.

ही व्यवस्था खरेदीदारावर अन्याय करणारी वाटते, पण ती नसती तर एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन माणसांमध्ये समुद्रापलीकडचा व्यापार झालाच नसता. बँकेला प्रत्येक वेळी तांदळातला तुकडा आणि ओलावा तपासायला सांगितले, तर पतपत्राला काही अर्थच उरणार नाही. अपवाद एकच, फसवणुकीचा, आणि त्याची सुरुवातही भारतातून गेलेल्या मालावरूनच झाली. न्यूयॉर्कच्या खरेदीदारांनी तत्कालीन संयुक्त प्रांतातील एका कंपनीकडून ब्रशसाठी लागणारे राठ केस मागवले होते, पेट्यांमध्ये गाईचे केस आणि कचरा भरून पाठवण्यात आला, आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अशा उघड फसवणुकीत बँकेला पैसे देण्यापासून रोखता येते असे सांगितले. आपले सर्वोच्च न्यायालयही ठळक फसवणूक किंवा कधीच भरून न निघणारी हानी असल्याखेरीज पतपत्राच्या आड येत नाही. मालाचा दर्जा कमी असणे ही फसवणूक नसते. त्यासाठी विक्रेत्यावर वेगळा दावा लावावा लागतो.

वाद कोणत्या कायद्याने, कोणत्या शहरात

करारात शेवटच्या पानावर, बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी करारातून उचलून चिकटवलेले, वादाचे कलम असते. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या ठरवायच्या असतात: कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू, वाद न्यायालयात की लवादापुढे, आणि लवाद असेल तर त्याचे पीठ कोणत्या शहरात. काहीच लिहिले नाही तर कोणता कायदा लागू, यावरूनच एक खटला उभा राहतो. मालविक्रीसाठी १९८० चा व्हिएन्ना करार आहे. अमेरिका, चीन, व्हिएतनाम त्यात आहेत, भारत आणि ब्रिटन नाहीत. त्यामुळे भारतीय कायदा निवडला तर १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा मालविक्री कायदा येतो. व्हिएतनामचा कायदा निवडला तर नकळत व्हिएन्ना करारही येऊ शकतो, ज्यात मालातील दोष वाजवी मुदतीत आणि फार तर दोन वर्षांत कळवला नाही तर खरेदीदाराचा हक्क बुडतो.

'वाद झाल्यास नागपूर न्यायालयाचे अधिकारक्षेत्र' हे वाक्य वाचायला दिलासा देणारे आहे. तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादांसाठी वाणिज्य न्यायालये आहेत, तातडीचा दिलासा नको असेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे, हे सगळे ठीक. पण हुकूमनामा हाती आल्यावर तो परदेशातल्या ग्राहकाच्या मालमत्तेवर बजावता येईलच असे नाही, कारण एका देशाच्या न्यायालयाचा निकाल दुसऱ्या देशाने मानावा असा जगाला बांधणारा सार्वत्रिक करार अस्तित्वात नाही. उलट दिशेची वाट मात्र काही देशांसाठी खुली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४-अ कलमाखाली ब्रिटन, सिंगापूर आणि २०२० पासून संयुक्त अरब अमिराती अशा अधिसूचित देशांच्या न्यायालयांचे हुकूमनामे इथल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीसाठी आणता येतात. दुबईतली नोटीस कचऱ्याच्या टोपलीत टाकणाऱ्याच्या दारात एक दिवस नागपूरच्याच न्यायालयाचा बेलिफ उभा राहू शकतो.

लवादाचे महत्त्व यातून कळते. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात १७० हून अधिक देश आहेत आणि एका सदस्य देशात दिलेला निवाडा दुसऱ्या देशात मर्यादित कारणांखेरीज नाकारता येत नाही. भारताने त्यात अशी अट घातली आहे की केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या देशांतील निवाडेच इथे या कराराखाली चालतील, आणि ती यादी सदस्य देशांच्या यादीपेक्षा बरीच लहान आहे. पीठ निवडताना ती पाहिलीच पाहिजे. पीठ म्हणजे केवळ बैठकीची जागा नसते. पीठ सिंगापूरला असेल तर निवाड्याला आव्हान सिंगापूरच्याच न्यायालयात द्यावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या भारत ॲल्युमिनियम प्रकरणात पक्के केले. लवादाचे कलम मुख्य करारापासून वेगळे मानले जाते, म्हणजे करारच रद्द आहे असा वाद असला तरी तो वाद लवादापुढेच जातो. आणि निवाडा चुकीचा आहे, एवढे म्हणणे पुरत नाही. इटलीच्या कंपनीला विकलेल्या गव्हाच्या दर्जाबाबत लंडनच्या लवादाने भारतीय निर्यातदाराविरुद्ध निवाडा दिला. बंदरावरचा तपासणी दाखला अंतिम मानायचे ठरले होते, असा निर्यातदाराचा आक्षेप होता. अंमलबजावणीच्या टप्प्यावर वादाचे गुणदोष पुन्हा तपासणार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो आक्षेप फेटाळला. हा निकाल आणि नाफेडचा निकाल शेजारी ठेवून वाचले, तर दोहोंचा सूर जुळत नाही, हे मान्य करावे लागते.

येथे एक व्यवहारी मत नोंदवतो. पंचवीस-तीस लाखांच्या एका कंटेनरसाठी लंडन किंवा सिंगापूरचा लवाद कागदावर शोभतो, पण त्याचा खर्च वादाच्या रकमेलाच गिळू शकतो. अशा सौद्यांत कायदेशीर कलमांपेक्षा आगाऊ रक्कम, पक्के पतपत्र आणि निर्यात पत हमी निगमाचा, म्हणजे ईसीजीसीचा, विमा यांवर खर्च केलेला पैसा अधिक उपयोगी पडतो.

जिनिव्हात व्यापाऱ्याला खुर्ची नाही

आता संत्र्याकडे. १ जानेवारी १९९५ रोजी स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेत तक्रार फक्त सदस्य सरकारे करू शकतात आणि फक्त सदस्य सरकारांविरुद्ध करू शकतात. शिवाय तक्रारीला नियमभंग लागतो. प्रत्येक देशाने कोणत्या मालावर जास्तीत जास्त किती शुल्क लावीन याचे वचन दिलेले असते; बांगलादेशाने बहुतांश शेतमालासाठी ती मर्यादा २०० टक्के इतकी उंच ठेवली आहे. त्यामुळे त्या देशाला शुल्क वाढवायला भरपूर वाव आहे, आणि नुसती वाढ झाली म्हणजे नियम मोडला असे होत नाही. नियम मोडल्याचे प्रकरण असते तरी पुढची वाट सोपी नाही. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखल्याने डिसेंबर २०१९ पासून संघटनेचे अपील मंडळ बंद पडले आहे, आणि हरलेला देश तिथे अपील दाखल करून प्रकरण लोंबकळत ठेवू शकतो. साखर अनुदानाच्या प्रकरणात विरुद्ध अहवाल आल्यावर भारतानेही तेच केले. वाटाघाटींतून मात्र कामे होतात: २००४ मध्ये भारताने बांगलादेशी बॅटऱ्यांवर लावलेल्या शुल्काविरुद्ध बांगलादेशाने तक्रार केली, अतिअल्पविकसित गटातील देशाने केलेली ती पहिलीच तक्रार होती, आणि भारताने शुल्क मागे घेतल्यावर ती निकाल न लागताच मिटली.

हे जागतिक नियम भारतीय न्यायालयात आपल्याच सरकारविरुद्ध वापरता येतील का? इतवारी-कळमन्यातील डाळमिलवाल्यांना याचे उत्तर २०२० मध्ये मिळाले. कडधान्यांच्या, विशेषतः पिवळ्या वाटाण्याच्या, आयातीवर घातलेल्या परिमाण-मर्यादांना आयातदारांनी आव्हान दिले आणि असे निर्बंध जागतिक व्यापार नियमांत बसत नाहीत, असाही युक्तिवाद केला. ॲग्रिकास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा वैध ठरवल्या; आंतरराष्ट्रीय करार देशी कायद्यात उतरवला नसेल तर त्याच्या आधारे इथे हक्क मागता येत नाही. अधिसूचनेविरुद्ध नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते, पण ती आंतरराष्ट्रीय करार, देशाचा कायदा आणि राज्यघटना यांपैकी शेवटच्या दोहोंच्याच बळावर उभी राहावी लागते.

म्हणून संत्रा व्यापाऱ्याला शुल्कवाढीपासून जे संरक्षण मिळू शकते ते त्याच्या स्वतःच्या सौद्यात असते. डीएपी बेनापोल लिहिले तर आयातशुल्क खरेदीदाराचे, डीडीपी लिहिले तर विक्रेत्याचे. आणि करारानंतर शुल्क वाढले तर वाढीव भार कोणाचा, हे एका वेगळ्या वाक्यात लिहून ठेवता येते. एवढे लिहूनही ग्राहकाने ट्रक सीमेवर आल्यावर पैसे न देता पाठ फिरवली, तर ताब्यात असलेला नाशवंत माल दुसऱ्याला विकण्याची मुभा मालविक्री कायद्याच्या चोपन्नाव्या कलमात पूर्ण पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला आहे. त्याच दिवशी लेखी नोटीस पाठवावी, मालाची छायाचित्रे आणि वजनाच्या पावत्या ठेवाव्यात, मिळेल त्या वाजवी भावाने माल विकावा आणि करारातील दर व प्रत्यक्ष मिळालेला दर यांतला फरक मूळ ग्राहकाकडे मागावा.